उलटा हात

दहाला वीस मिनिटं कमी असताना तिच्या तोंडून शब्द गेला. मोठ्यानं नाही, शेजारच्यालाही नीट ऐकू जाऊ नये इतकाच. पण गेला तो गेला. पाहण्याच्या टेबलाशी बसलेल्या ऑपरेटरनं रीळ थांबवलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि मग सवयीनं मनगटावरच्या घड्याळाकडे. "बाई, काही म्हणालात? अजून वीस मिनिटं आहेत." तिनं नुसती मान हलवली. साऱ्या चित्रपट संग्रहालयाला ठाऊक होतं, की नोंदवाल्या बाई सकाळी दहापर्यंत बोलत नाहीत. नवीन आलेल्यांना वाटे घसा बसलाय, जुन्यांना वाटे काही उपासना असेल. ऑपरेटर म्हणायचा, मी घड्याळ रेडिओवर लावत नाही, बाईंच्या आवाजावर लावतो. त्रेचाळीस वर्षांत तिचं हे मौन अजिबात मोडलं नव्हतं असं नाही. एकदा आई जिन्यात पडली तेव्हा मोडलं होतं आणि एकदा तापाच्या भरात. पण असं, शुद्धीवर असताना, खुर्चीत सरळ बसलेली असताना, तोंडातून शब्द निसटून जावा आणि तो आपलाच आहे हे आपल्याला मागाहून कळावं, असं कधी झालं नव्हतं. शब्द होता, बाबा.

टेबलाच्या हातभर पडद्यावर राक्षस थांबला होता. दलदलीतला राक्षस, म्हणजे अंगावर शेवाळ, पाठीला कुबड, आणि बोटं अशी की पाण्यात फुगलेली मुळंच. लोकांनी त्याचे तीन चित्रपट एके काळी ओरडत, एकमेकांचे दंड धरत पाहिले होते. तिसऱ्याचं हे रीळ एका बंद पडलेल्या थेटराच्या माळ्यावर सापडलं होतं. आजवर जी प्रत सगळीकडे फिरली तिच्यात हा तुकडाच नव्हता. संथ आहे म्हणून कुणीतरी कापून टाकला असणार. तापानं फणफणलेली एक लहान मुलगी खाटेवर पडलेली. राक्षस दारातून वाकून आत येतो. दोन पावलं. हात वर जातो. आता हा गळा धरणार असं पाहणाऱ्याला वाटतं, आणि तिलाही तसंच वाटलं होतं. मग हात मध्येच वळतो. तळवा वर, बोटांची पाठ खाली. आणि त्या पाठीनं, कानापासून हनुवटीपर्यंत, मुलीच्या गालावरून एकदाच, अगदी हलकं. नंतर तो हात पाठीमागे लपवतो, कुणी ओरडेल की काय अशा धास्तीनं उभा राहतो, आणि रीळ दुसऱ्या प्रसंगात जातं. छत्तीस सेकंद. तिनं बोटानंच मागं घ्यायची खूण केली. ऑपरेटरनं मागं घेतलं. परत खूण केली. चौथ्यांदा मात्र तो म्हणाला, "आंबलंय हे रीळ, बाई. फार ओढू नये. वास येतोय ना?" वास येत होता. जुनी फिल्म आतून कुजायला लागली की डब्याला लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास धरतो. दोन वर्षं, फार तर तीन. मग ती आखडते, तिच्यावरची चित्रं पापुद्र्यांसारखी सुटतात, आणि डब्यात नुसता भुगा उरतो.

तिचं काम सांगायला सोपं. चित्रपट बघायचा आणि कार्डावर लिहायचं, दिसलं तेवढंच. ती नोकरीला लागली तेव्हाच्या वरिष्ठांनी हे तिला शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं लिहिलं होतं, 'राक्षस रागावतो.' त्यांनी लाल रेघ मारली. "रागावतो हे तुम्हाला त्यानं येऊन सांगितलं का? दात दिसतात असं लिहा." तेव्हापासून तिच्या कार्डांवर दात दिसत, दार उघडे, हात वर जाई; राग, दुःख, प्रेम यांपैकी काही कधी आलं नाही. तिला ते आवडायचं. दिसलं तेवढंच लिहिणाऱ्या माणसाच्या हातून कुणाचं वाईट होत नाही, असं तिला वाटायचं. या वेळी मात्र तिला नुसतं कार्ड लिहायचं नव्हतं, निवाडा करायचा होता. राक्षस झालेला तो नट आता ऐंशीचा होता, हयात होता, आणि संग्रहालय त्याच्या कामाचा मान करणार होतं. दुरुस्तीचं यंत्र एकच, त्यामुळे वर्षाला एकच चित्रपट वाचवता येणार. तीनपैकी कोणता, ते बाहेरून बोलावलेले एक प्राध्यापक आणि ती मिळून ठरवणार. प्राध्यापकांनी तक्ता आखून दिला होता. भीती, दहापैकी. करुणा, दहापैकी. अंगाची भाषा, दहापैकी. तो तक्ता समोर धरून ती पेन्सिल चावत बसायची. करुणेला सात दिले तर उरलेले तीन कुठं सांडले म्हणायचे?

पहिल्या चित्रपटातला राक्षस नवा होता. नटाला मुखवट्याचं ओझं व्हायचं, मान जड व्हायची, आणि ते जडपणच त्याच्या उपयोगी पडलं होतं. या प्राण्याला स्वतःचं डोकंही उचलणं जमत नाही, असं वाटायचं. दुसऱ्यापर्यंत त्याला टाळ्यांची सवय झाली होती. दारातून येण्याआधीच हात पसरायचा, आता घाबरा म्हणून आधी वर्दी द्यायचा. तिनं निर्मळ मनानं तिथं चार दिले होते. आणि तिसऱ्यातला हा, जो दारातून आत येताना चौकटीला खांदा लागू नये म्हणून अंग चोरतो. प्राध्यापक म्हणाले, "हा तो नव्हेच. चाल बघा. पाऊल बघा कसं टाकतोय. त्या वर्षी त्याची पाठ गेली होती, अर्धं चित्रीकरण तो अंथरुणात होता. हा डुप्लिकेट आहे. मुखवट्याच्या आड कोण बघतंय?" मग पेन टेकवत त्यांनी विचारलं, "तुम्हालाही तसंच वाटतं ना? तसं असेल तर तिसरा बाद, मान नटाचा आहे, डुप्लिकेटचा नाही. आपण दुसरा दुरुस्तीला देऊ." दहा वाजून गेले होते, तिला बोलता आलं असतं. ती म्हणाली, "मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या."

तिला तसंच वाटत होतं. वाटत कसलं, तो कोण हेही तिला ठाऊक होतं. बाबा स्टुडिओच्या मुखवट्यांच्या खात्यात होते. प्लास्टरचे साचे घालायचे, त्यात रबर ओतायचं, चेहरे काढायचे, फाटले की शिवायचे. इतर मुलं राक्षसाला भ्यायची त्या वयात तिच्या घराच्या खिडकीत राक्षस वाळत पडलेले असायचे. एकदा बाबांनी एक आख्खा हात दुरुस्तीला घरी आणला आणि आई म्हणाली, "हे मढं आधी बाहेर ठेवा, मग पाणी विचारते." बाबा नटाच्याच उंचीचे. दिवे लावताना नटाला ताटकळत कशाला उभं करायचं म्हणून पुष्कळदा सगळा पोशाख चढवून यांनाच उभं करत. संध्याकाळी घरी आले की कानाच्या पाळीमागे शेवाळाचा हिरवा रंग राहिलेला असायचा. तो पुसायचं काम तिचं.

आणि त्यांचे हात. प्लास्टर अंगातलं पाणी ओढून घेतं. तळवे नुसते भेगाळलेले, कोरड्या तळ्यासारखे. आई म्हणायची, हात कसले, खरवडणी आहे, शर्टाचे धागे निघतात. म्हणून ते तिच्या गालाला तळवा कधी लावायचेच नाहीत. हात वर न्यायचे आणि मध्येच वळवायचे, आणि बोटांच्या पाठीनं, जिथं कातडी अजून मऊ होती तिथून, कानापासून हनुवटीपर्यंत एकदाच. घरात त्याचं नाव पडलं होतं उलटा हात. बाबा दारातून आले की ती गाल पुढं करून म्हणायची, "उलटा हात." ते म्हणायचे, "आधी चपला तरी काढू देशील?" पण चपला नंतर निघायच्या.

बाहेरच्या जगात उलट्या हाताचा अर्थ वेगळा आहे, हे नऊ वर्षांच्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं. दाढ सुजली होती, गाल टोमॅटो झाला होता. वर्गावरच्या बाईंनी विचारलं, "गालाला काय झालं ग?" तिला गालाबद्दल सांगण्यासारखी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट जी वाटली ती तिनं सांगितली, "बाबांनी उलटा हात लावला." बाईंचा चेहरा बदलला. "नेहमी लावतात?" "रोज." "का? तू काय करतेस?" "काही नाही. मी मागते." "मागून घेतेस म्हणजे? दंगा करतेस?" आणि ती हसली होती, कारण हो, थोडा दंगाही करायची. दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावणं गेलं. ते कामावरूनच आले, कोपरापर्यंत पांढरे. बाईंनी साऱ्या वर्गादेखत विचारलं, "एवढ्याशा मुलीवर हात उचलता? आणि असले हात?" बाबांनी आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिला वाटलं आता सांगतील. ती बाकावरून उठलीही होती. पण त्यांनी दोन्ही हात हळूच पाठीमागे नेले आणि म्हणाले, "पुन्हा होणार नाही."

पुन्हा झालं नाही. त्या संध्याकाळी तिनं गाल पुढं केला तेव्हा ते चपला काढत बसले, खूप वेळ काढत बसले, आणि मग हात धुवायला निघून गेले. त्या दिवसापासून तिच्याजवळ आले की हात पाठीशी. रागावले म्हणावं तर गोष्ट सांगायचे, हसायचे, वह्यांना कव्हरं घालून द्यायचे. फक्त तेवढंच नाही. ती मागू शकली असती. पण मागते या शब्दानंच घात केला होता ना. मग तिनं आपल्यापुरतं ठरवलं, सकाळी दहा वाजेपर्यंत बोलायचं नाही. शाळेच्या बाईंशी ती बोलली होती ती वेळ दहाच्या आतली. लहान मुलांचे नेम असेच असतात, त्यांना शास्त्र नसतं, पण मोडवत नाहीत. पुढं त्या नेमाचं तिला सुखही वाटायला लागलं. सकाळच्या त्या गप्प तासांत कुठंतरी आत नीट झाडून ठेवल्यासारखं व्हायचं. दोन वर्षांनी बाबा गेले. प्लास्टरची धूळ छातीत बसली होती. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात ती त्यांच्या उशाशी बसायची तेव्हा त्यांचे हात चादरीखाली असायचे.

फोटो दोन होते. पण फोटो हलत नाही. आवाज तर तिला तिशीतच आठवेनासा झाला. वाक्यं आठवायची, ती बोलणारा गळा हरवला होता. दुसऱ्यांचे हलते बाप तिनं हजारो पाहिले होते. कोटातले, घोड्यावरचे, मुलीला स्टेशनवर पोचवणारे, आणि प्रत्येकाचं कार्ड केलं होतं. कधी कधी गर्दीच्या प्रसंगात ती मागच्या रांगेत उगाच बघायची. न जाणो. आता छत्तीस सेकंद सापडली होती. ती रोज सकाळी साडेनऊला येऊन बसायची. ऑपरेटर काही न विचारता तोच डबा काढायचा आणि म्हणायचा, "एकदाच हं." आणि ती दर वेळी थोडं जास्त बघायची. डावा खांदा उतरलेला, बाबांचाच. दारात अंग चोरणं, बाबांचंच. हात पाठीमागे नेणं तर सरळ त्या वर्गातलं. तिसऱ्या दिवशी तिला मुखवट्याच्या भोकांतून डोळेही ओळखू आले आणि तेव्हा मात्र ती दचकली. भोकांत काळोख होता. डोळे दिसतच नव्हते. दिसलं तेवढंच लिहिणारी आपण, आणि आपण काय काय बघायला लागलो आहोत.

रात्रीच्या जेवणानंतर तिनं आईला विचारलं, "आई, बाबा कधी पडद्यावर आले होते?"

"कोण, ते?" आई डाव्या कानानं ऐकते, तो तिनं पुढं केला. "लग्नाच्या फोटोत मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, यांचं काही पडलंय की काय."

"राक्षसाच्या पोशाखात तरी?"

"उभं करायचे त्यांना दिव्यांसाठी. पुढं काय केलं ते मी कुठं बघायला गेले? मला रबराच्या वासानं मळमळायचं." मग थोडं थांबून म्हणाली, "का ग, दिसले?"

त्या प्रश्नात आईचा आवाज एकदम तरुण झाला. ती म्हणाली, "बघते." आणि पाठ फिरवून भांडी पुसत राहिली. दिसले म्हणावं तर शुक्रवारी प्राध्यापकांना तेच सांगावं लागणार. हा डुप्लिकेट, हा मुखवट्यांच्या खात्यातला माणूस, हे माझे बाबा. आणि मग तिसरा बाद, डबा परत फळीवर, आणि दोन वर्षांत त्यात भुगा. नाही म्हणावं तर रीळ वाचणार, पण दुसऱ्याच्या नावानं, आणि तिच्या खोटेपणाच्या जोरावर. एका शब्दानं तिनं एकदा त्यांना घालवलं होतं. आता पुन्हा तोच खेळ तिच्यासमोर मांडून ठेवल्यासारखा. उद्या गुरुवार होता. तिनं रजेचा अर्ज लिहिला, आणि सकाळी तो द्यायला गेली तेव्हा नटाचा पत्ता कार्यालयाच्या वहीतून उतरवून घेतला.

दोन बस बदलून जावं लागलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर. दार नटाच्या सुनेनं उघडलं, हाताला पीठ, कपाळावर आठी. "पप्पा, तुमच्या संग्रहालयाच्या बाई आल्यात." मग तिच्याकडे वळून हळूच, "उजवी बाजू गेलीय त्यांची, दोन वर्षं झाली. बोलतात छान. फार छान बोलतात, थांबवा तुम्हीच." खिडकीपाशी खुर्चीत एक उंच माणूस बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला. स्वतः ठेवलेला नव्हे, कुणीतरी ठेवून दिलेला. चेहरा इतका साधा की बसमध्ये शेजारी बसला असता तर तिनं पुन्हा पाहिलं नसतं.

"या. मार्क द्यायला आलात की नुसतं बघायला?"

"दोन्ही," ती म्हणाली.

"चेहरा बघून देऊ नका. आमची ही, म्हणजे हिची सासू, म्हणायची, झाकलात की बरे दिसता." तो हसला तेव्हा अर्धाच चेहरा हसला. "तुमचे प्राध्यापक फोनवर म्हणाले, दुसऱ्या भागाचा विचार आहे. दुसऱ्यात मी फार वाईट आहे हो. आलो रे आलो, आलो रे आलो. टांग्याच्या घंटीसारखा."

"चार दिलेत मी."

"एक जास्तच दिला."

तिनं पर्स मांडीवर नीट ठेवली, पट्टा गुंडाळला, सोडला. मग एका दमात विचारलं, की तिसऱ्यात तापलेल्या मुलीच्या खाटेशी येतो तो राक्षस कोण. त्यानं मान खिडकीकडे वळवली. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती लागत नव्हती, आणि त्या खरखरीत तिला वाटलं, आता हा म्हणेल. म्हणेल की हो, मी अंथरुणात होतो, तो साचेवाला होता. तिला ते ऐकायचं होतं. रीळ गेलं तरी चालेल, इतकं ऐकायचं होतं. ते तिला त्या क्षणी कळलं आणि तिची तिलाच भीती वाटली.

"तो तुकडा आहे?" नट म्हणाला. "मला वाटलं उंदरांनी खाल्ला. तो मीच, बाई."

स्कूटर लागली आणि निघून गेली.

"पाठीला पट्टा बांधून उभा होतो. म्हणून चाल तशी. प्राध्यापकांना सांगा, ती कला नव्हे, कळ होती." हसला. मग हसणं मावळलं. "पण हात माझा नाही. म्हणजे हात माझा, पण... दिग्दर्शकाला पंजा हवा होता गळ्याशी. मी पंजा नेला की ती पोर खरंच भोकाड पसरायची. दहा वेळा झालं. सगळे वैतागले. आमचा साचेवाला कोपऱ्यात बसून माझ्या हातमोज्याचं बोट शिवत होता. कधी तोंड उघडायचा नाही. दिवसभरात दोन शब्द, त्यातला एक 'हो'. तो उठून आला आणि म्हणाला, तळवा बघितला की पोर घाबरतं. उलटा हात लावा. मी म्हटलं, अरे, उलट्या हातानं तर मारतात. तर म्हणाला..." नट थांबला, आठवायला नव्हे, ती वाट बघतेय हे त्याला कळलं असावं. जुना नट होता. "म्हणाला, आमच्या घरी नाही. आमची मुलगी मागून घेते."

घेते. ती खुर्चीचा हात धरून बसली. हे चित्रीकरण झालं तेव्हा ती दहा वर्षांची होती. वर्गातल्या त्या दिवसाला वर्ष उलटून गेलं होतं. वर्षभर तिनं मागितलं नव्हतं आणि त्यांनी दिलं नव्हतं, आणि तरी ते तिकडे, दिव्यांच्या खाली, दुसऱ्या माणसाला सांगत होते, घेते म्हणून. घ्यायची नाही, घेते.

"तू ती?" नटानं विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं ते त्यालाही कळलं नाही. "मागून घेणारी?"

तिनं मानेनंच हो म्हटलं. दुपारचे तीन वाजले होते, मौनाची वेळ केव्हाच टळून गेली होती.

"त्यानं मला करून दाखवलं. माझ्याच गालावर. मुखवटा काढायला लावला आणि लावला हात. आमच्या घरात गालाला हात लागायचा तो एकाच कारणानं लागायचा, मला ते... असो. मी आठ दिवस उशीवर सराव केला. नक्कल आहे ती सगळी. तेव्हा मार्क द्यायचे तर त्याला दे, मला पोचवल्याबद्दल एखादा दे." त्यानं डाव्या हातानं उजवा हात मांडीवरून थोडा उचलला आणि पुन्हा ठेवला. "दाखवला असता तुला. हा आता ऐकत नाही. तूच कर. चुकलं तर सांगतो."

"मी?"

"मग काय, सूनबाईला बोलवू? तिचे हात पिठाचे आहेत."

आतून सून म्हणाली, "ऐकू येतंय मला, पप्पा."

ती उठली. आयुष्यात तिनं कुणाच्या गालाला असा हात लावला नव्हता; तिला तो फक्त घेता येत होता. समोर एक म्हातारा माणूस डोळे मिटून, गाल थोडा पुढं करून बसला होता. तिनं हात वर नेला, मध्येच वळवला, बोटांची पाठ त्याच्या सुरकुतलेल्या गालावर टेकवली आणि कानापासून हनुवटीपर्यंत आणली. "घाई," नट डोळे न उघडता म्हणाला. तिनं पुन्हा केलं. "अंहं. अंगठा."

"काय?"

"अंगठा बाहेर ठेवलास. त्याचा आत असायचा. मुठीत धरल्यासारखा, चार बोटांच्या आड. नख चिरलेलं होतं ना त्याचं, मधोमध, प्लास्टरच्या साच्यानं. मी विचारलं, अंगठा का दुमडतोस? तर म्हणाला, पोरीला लागेल."

ती उभीच राहिली. उजव्या अंगठ्याचं चिरलेलं नख. हो. होतं. वह्यांना कव्हरं घालताना कागदात अडकायचं. पण गालाशी तो अंगठा कुठं असायचा हे तिला माहीतच नव्हतं. गालावरची बोटं तिनं त्रेचाळीस वर्षं जपून ठेवली होती, आणि न लागलेला अंगठा, तो कसा जपणार? लागूच दिला नव्हता त्यांनी.

"मीही आत ठेवला," नट म्हणाला. "केवढा तो हातमोजा, आत अंगठा कुठं आहे ते देवालाही दिसलं नसतं. दिग्दर्शक म्हणाला, काय फरक पडतो? मी म्हटलं, बाहेर ठेवला की हात खोटा होतो. बघ करून."

तिनं अंगठा आत घेतला. चार बोटं त्याच्यावर मिटली, पुरती नाही, त्याला लपवण्यापुरती, आणि हात आपोआपच हळू झाला. घाई करताच येईना. कानापासून हनुवटीपर्यंत आला. नटाचा मिटलेला डोळा जरा थरथरला.

"हां," तो म्हणाला. "हा."

शुक्रवारी ती नऊलाच आली. प्राध्यापकांचा तक्ता टेबलावर होता, तिसऱ्या चित्रपटाचे तिन्ही रकाने कोरे. तिनं ते भरले नाहीत. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, की हा अभिनय नटाचाच आहे, त्यानंच मला सांगितलं आणि मी ते ताडून पाहिलं, आणि मला तो इतका खरा वाटला की मी त्याला दुसराच माणूस समजले. याहून जास्त मार्क मला देता येत नाहीत. हा चित्रपट दुरुस्तीला घ्यावा. मग तिनं नोंदीचं कार्ड ओढलं. ऑपरेटरनं डबा उघडला, आंबूस वास आला, राक्षस दारातून अंग चोरत आत आला. आज तिनं खांदा पाहिला नाही, डोळे शोधले नाहीत. ते बाबा नव्हते. पाठीला पट्टा बांधलेला एक नट होता, आणि त्याला कुणीतरी जे दिलं होतं ते तो कुठंही न सांडता खाटेपर्यंत नेत होता. हात वर गेला, वळला. तिनं लिहिलं, 'राक्षस मुलीच्या गालाला उलटा हात लावतो.' थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं. मग पुढं लिहिलं, 'अंगठा आत.'

ऑपरेटर तिच्या खांद्यावरून वाचत होता. वाचायची त्याला परवानगी नव्हती, पण तीस वर्षं वाचत होता. त्यानं चष्मा वर केला, पडद्यावर नाक टेकेल इतका वाकला, हातमोज्याच्या त्या फुगलेल्या मुळांकडे निरखून पाहिलं.

"बाई, अंगठा कुठं दिसतोय?"

भिंतीवरच्या घड्याळात दहाला आठ मिनिटं कमी होती. तिनं ती पाहिली.

"दिसत नाही," ती म्हणाली. "आहे."